दहातले आठ

९ मे

बाब्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने पाठवायची गरज नाही. तुझं पत्र आणि विमानाचं तिकीट दोन्ही मिळालं. फोन का करत नाही म्हणून विचारलंयस. फोनवर तू घाईत असतोस. मी जरा रंगात आले की "आई, मुद्द्यावर ये" म्हणतोस. टेलिफोन खात्यात माझी उभी हयात दुसऱ्यांचे फोन जोडून देण्यात गेली, त्यामुळे आता मला पत्र बरं वाटतं. इथे मला मध्येच तोडणारं कोणी नाही.

तिकीट जुलैअखेरचं काढलंस ते बरं झालं. तोवर मला इथे थोडं काम आहे. काय काम, ते सवडीने लिहीन.

तुझं पत्र चार पानांचं, आणि त्यात सूनबाईचं नाव एकदाही नाही. "ती" आहे, "तुझी लाडकी" आहे, "ते विद्यापीठ" आहे. नोकरीसाठी तू तिकडे गेलास तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, की मला आधी इथे कायम होऊ दे, मग दोघं मिळून ठरवू. त्याचा अर्थ तू "येत नाही" असा लावलास. वर्ष झालं, तुम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेला नाहीत. इथली खुशाली मी तुला कळवते, तुझी तिला सांगते, आणि दोघंही ऐकून न ऐकल्यासारखं करता.

तू लिहितोस, "दिवसभर पोरांची डोकी मोजायची, ही काय नोकरी झाली?" खरं सांगते, मलाही आधी असंच वाटायचं. पण ती डोकी मोजत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला किती जणांनी अर्ज केला, किती जणांना जागा दिली, त्यातले किती खरोखर येऊन वर्गात बसले, कुठल्या शाळेतून यायचे आणि यंदा यायचे का थांबले, हे सगळं ती सांभाळते. आणि तिची एक पद्धत आहे. बेरीज झाली की ती लगेच दाखवत नाही. आकड्यावर तळहात ठेवते आणि खोलीतल्या प्रत्येकाला विचारते, "अंदाज सांगा." सगळ्यांचे अंदाज फळ्यावर लिहिते, स्वतःचाही. मगच हात उचलते. एकदा फळ्यावर गेलं की नंतर "मला माहीतच होतं" म्हणायची कोणाची छाती होत नाही. आपल्या घराण्यात ही पद्धत असती तर तुझ्या वडिलांची निम्मी भांडणं वाचली असती.

हे मला कसं माहीत, ते आत्ता विचारू नकोस.

आई


२१ मे

बाब्या,

विचारलंसच. मग ऐक आणि खुर्चीवर बसून ऐक.

मी नोकरीला लागले. विद्यापीठाच्या प्रवेश कक्षात, रोजंदारीवर, हंगामापुरती. काम फोन करण्याचं. जाहिरात पेपरात आली होती, टेलिफोनचा अनुभव असलेल्यांना प्राधान्य. माझ्याइतका अनुभव या गावात तरी कोणाला असेल असं मला वाटत नाही. मुलाखतीच्या वेळी सूनबाई उठून बाहेर गेली आणि दार लागेपर्यंत मागे वळून बघितलं नाही. तिला मी आदल्या रात्रीपर्यंत सांगितलंही नव्हतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, तुम्ही मला अडचणीत आणलंत." मी म्हटलं, "नेमलं मला तिघांनी, तू त्यात नव्हतीस." ती म्हणाली, "मग तिथे मी तुम्हाला आई म्हणणार नाही." मी म्हटलं, "मीही तुला सूनबाई म्हणणार नाही, मॅडम."

तेव्हा आता असं आहे. ऑफिसात ती मॅडम, मी ऑपरेटरबाई. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात, माझे चार तर कधीच संपले. पहिल्याच दिवशी मी चहाला पाच मिनिटं जास्त घेतली तर हिने सगळ्यांदेखत घड्याळाकडे बघितलं. घरी आल्यावर मात्र माझ्या पायाला तेल चोळून दिलं. दोन्हीही मनापासून.

आता काम काय ते सांगते. यंदा अर्ज कमी येतायत. शहरातून नेहमीइतकेच, पण बाहेरगावच्या लहान शाळांमधून निम्मेसुद्धा नाहीत. त्यातही कितीतरी जण संगणकावर अर्ज उघडतात, नाव आणि फोन नंबर लिहितात आणि तिथेच सोडून देतात. वीस जूनला मुदत संपते. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला आम्ही तिघीजणी फोन करतो. काय बोलायचं ते हिने शिकवलं. "अर्ज का नाही भरला" असं विचारायचं नाही, त्याने माणूस खोटं बोलतो. "कुठे अडलं" असं विचारायचं. मी इतकी वर्षं लोकांशी बोलले, मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

लोक काय म्हणतील म्हणून लिहिलंस. लोक म्हणतात, ऑपरेटरबाईंचा आवाज काय स्वच्छ आहे हो.

आई


१ जून

बाब्या,

तुझं रागाचं पत्र आलं. वाचलं आणि ठेवून दिलं. राग शिळा झाला की उत्तर देईन.

आज दोन फोनांचं सांगायचंय. पहिला एका शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचा. त्यांच्या शाळेतून दरवर्षी वीस-पंचवीस मुलं यायची, यंदा एकही नाही. म्हणून मी थेट त्यांनाच लावला.

ते म्हणाले, "मीच नको म्हटलं. तुम्ही दहातल्या चौघांनाच घेता. तुमच्याच पुस्तिकेत छापलंय. म्हणजे प्रत्येकाची शक्यता चाळीस टक्के. साठ टक्के पडण्यासाठी पोरांना कशाला पाठवू? मन मोडतं त्यांचं."

मी म्हटलं, "मास्तर, सगळ्यांची शक्यता सारखी कशी असेल? हुशाराची वेगळी, उनाडाची वेगळी."

"बाई, गणित मी शिकवतो की तुम्ही?"

मी म्हटलं, "तुम्हीच," आणि फोन ठेवला. तसं माझंही घोडं अडलं होतं. दहातले चार हा आकडा मी फाटकावरच्या फलकावर रोज वाचते. "निवडक विद्यापीठ" असं वर मोठ्या अक्षरांत आहे. पूर्वी दहातल्या आठ जणांना जागा मिळायची, गेल्या वर्षी एकदम चौघांना. कुलगुरूंनी त्यासाठी सत्कार घेतला होता. आकडा काढला होता आपल्या मॅडमनी.

दुसरा फोन एका मुलीला. मागे कोणीतरी लोखंडावर ठोकत होतं, बापाचं गॅरेज आहे. मॅडम रोज जेवणाआधी थोडा वेळ आमचे फोन दुसऱ्या हेडफोनवर ऐकतात, त्या नेमक्या तेव्हाच ऐकत होत्या.

मी विचारलं, "अर्ज अर्धा राहिलाय तुमचा. कुठे अडलं?"

"अडलं नाही, मीच सोडला."

"का गं?"

"काय उपयोग? मला दगडांचं शिकायचंय. भूगर्भशास्त्र. ते फक्त तुमच्याकडेच आहे. मागच्या वर्षी भरला होता, तेव्हा पण नाकारलंच की."

मॅडमनी बटण दाबलं आणि मध्ये बोलल्या. आधी संगणकात तिचं नाव शोधलं होतं. "मागच्या वर्षी तुमचा अर्ज आमच्यापर्यंत आलाच नव्हता. दाखल्याचा फोटो चढला नाही, तिथेच थांबलाय तो. तुम्हाला कोणी नाकारलेलं नाही."

ठोकणं थांबलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही ते दहातले सहा नाकारले म्हणता, त्यांत मी नाही?"

बाब्या, आपल्या सूनबाईचं उत्तर नेहमी तयार असतं, ते तुला माहीतच आहे. या वेळी म्हणाली, "मी बघून सांगते."

"तुम्हालाच माहीत नाही?"

"नाही. बघून सांगते."

जेवायला ती आली नाही. तिचा डबा मीच झाकून ठेवला.

आई


४ जून

बाब्या,

ती मुलगी त्या सहांत होती.

तुला समजेल असं सांगते, कारण मला समजेल असं तिने मला सांगितलंय. पूर्वी अर्ज कागदावर असायचा. सगळा भरून, दाखले जोडून खिडकीवर दिला की त्यावर क्रमांक पडायचा. क्रमांक म्हणजे पुरा अर्ज. गेल्या वर्षी पहिल्यांदा सगळं संगणकावर आलं. त्यात नाव आणि फोन लिहिला की लगेच क्रमांक मिळतो, बाकीचं भरा नाहीतर भरू नका. हिने जुन्या सवयीने क्रमांक मोजले. म्हणजे जे अर्ध्यावर सोडून गेले, तेही आले म्हणून धरले गेले, आणि त्यांना जागा दिलेली नव्हती म्हणून ते नाकारलेल्यांत जाऊन बसले. बाहेरच्या माणसाकडून अशी चूक होणारच नाही. वर्षानुवर्षं क्रमांकावर विश्वास ठेवणाऱ्याकडूनच होते.

काल तिने सगळ्यांना बोलावलं. आमचे विभागप्रमुख, त्यांना आम्ही हळूसाहेब म्हणतो, कारण काहीही सांगितलं की ते "हळूहळू करू" म्हणतात, तेही आले. तिने आकड्यावर हात ठेवला. "गेल्या वर्षीच्या शंभर क्रमांकांत अर्धवट किती असतील, अंदाज सांगा." हळूसाहेब म्हणाले दहा. मी म्हटलं पाच, माझा लोकांवर विश्वास. तिने स्वतःचे लिहिले वीस. मग हात उचलला. निम्मे होते. शंभरातले पन्नास.

म्हणजे खरोखर अर्ज केलेल्या दर दहांतल्या आठांना गेल्या वर्षीही जागा मिळाली होती. काही बदललंच नव्हतं. आपण कोणाला हाकललं नव्हतं, नुसतं हाकललं म्हणून छापलं होतं. आणि ते वाचून यंदा ज्यांनी यायला हवं ते दारातूनच परत फिरले.

हळूसाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून नीट मोजू. आत्ता कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची." मग दार लोटून हळूच म्हणाले, "आणि तुमचा कायम होण्याचा कागद याच महिन्यात सहीला जातोय. विसरू नका."

ती म्हणाली, "मुदत वीस तारखेला संपते, साहेब. पुढच्या वर्षी छापलं तर या वर्षीच्या मुलांना काय उपयोग?"

घरी आल्यावर ती जिना चढताना मधल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, एवढा चांगला आकडा आला तेव्हा मी आनंदले. वाईट आला असता तर तीनदा तपासला असता. चांगला होता म्हणून एकदाच बघितला." मी तिच्या शेजारी बसले. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणलं. आम्ही दोघी ते पाणी प्यायलो.

तू नेहमी म्हणतोस, ही हट्टी आहे. आहेच. पण हट्ट कशाचा धरते ते बघशील की नाही?

आई


१० जून

बाब्या,

काल कुलगुरू स्वतः कक्षात आले. तिने लेखी कळवलं होतं, की दुरुस्ती मुदतीआधी छापायला हवी, पुस्तिकेत, फाटकावर आणि पेपरातही. बैठक काचेच्या खोलीत झाली. मी काचेच्या अलीकडे, उघड्या दाराजवळ, फोन कानाला लावून बसले होते. फोनच्या पलीकडे कोणी नव्हतं. एक्स्चेंजमध्ये आम्ही असं करायचो, आता सांगायला हरकत नाही.

कुलगुरू वाईट माणूस नाही. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल. तो पेनाचं टोपण काढत-लावत शांतपणे म्हणाला, "मी याच विद्यापीठात शिकलो. बाहेर कुठेही गेलो की लोक विचारायचे, तिथे तर कोणालाही घेतात ना? तीस वर्षं मी ते ऐकलंय. गेल्या वर्षी पहिल्यांदा कोणी विचारलं नाही."

ती म्हणाली, "सर, कोणालाही घेत नाही आपण. ज्यांना जमेल त्यांना घेतो. असे दहांत आठ असतात."

"ऐकायला कसं वाटतं ते?"

"गॅरेजवाल्याच्या मुलीला फार चांगलं वाटेल."

तो थोडा हसला. मग म्हणाला, "हा आकडा तुमच्या सहीचा आहे. दुरुस्ती केली तर विद्यापीठ खोटं पडतं."

"विद्यापीठ नाही, मी पडते. माझ्या नावाने छापा. चूक माझीच आहे."

हळूसाहेबांनी खोकून पाहिलं. कुलगुरू म्हणाला, "कायम करण्याचा तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे. ज्याने एवढी मोठी चूक केली त्याला मी दुसऱ्याच आठवड्यात कायम केलं, असं मला कोणाला सांगता येणार नाही. तुम्ही थांबलात तर सही होईल. पुढच्या वर्षी दुरुस्त करा, तेव्हा तुम्हाला कोणी हात लावू शकणार नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

आणि तो खरंच तिच्या भल्याचं सांगत होता, बाब्या. तेच तर कठीण होतं. मला वाटलं उठून आत जावं आणि सांगावं, थांब गं, एक वर्ष थांब, एवढी वर्षं कशासाठी घासलीस. मी उठलेही.

ती म्हणाली, "सर, माझ्या जागी मी पुढच्या वर्षीही असेन नाहीतर नसेन. पण ही मुलं पुढच्या वर्षी अर्ज करायला थांबलेली नसतील. कामाला लागलेली असतील. छापू या."

मी परत खाली बसले. कुलगुरूने टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मसुदा पाठवा."

मी आयुष्यात अनेक मोठी माणसं ऐकली, मंत्र्यांचे फोन जोडून दिले. इतकं साधं आणि इतकं धीराचं बोलणं मी ऐकलेलं नाही. ती माझी सून आहे याचा मला अभिमान वाटला, आणि हे मला तुला कोणताही आडपडदा न ठेवता सांगायचं होतं.

आई


१७ जून

बाब्या,

कात्रण सोबत आहे. चौकट लहान आहे, पण भाषा तिची: "गेल्या वर्षी दहांतल्या चार अर्जदारांना प्रवेश मिळाला असे आम्ही छापले होते. ते चूक होते. आठ जणांना मिळाला होता. अर्धवट राहिलेले अर्ज मी नाकारलेल्यांत मोजले. ज्यांनी तो आकडा वाचून अर्ज करायचे सोडले त्यांची मी क्षमा मागते. मुदत वीस तारखेपर्यंत आहे." खाली तिचं नाव आणि हुद्दा.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपराने मथळा दिला, "विद्यापीठाचा दर्जा घसरला, दहांत आठ जणांना सरसकट प्रवेश". वाचणारे असले की लिहिणारे तसले. फाटकावरचा फलक उतरवला तेव्हा शिपाई हळहळत होता, रंग नवा होता म्हणे.

पण फोन. बाब्या, काय सांगू तुला. दुपारपर्यंत आम्हाला पाणी प्यायला उसंत नव्हती. गणिताचे मास्तर स्वतः लाइनवर आले. "बाई, तुमच्या मॅडमना द्या." दिला. अर्धा तास हिने त्यांना अर्धवट म्हणजे काय, पुरा म्हणजे काय ते समजावलं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे मीच चुकीच्या आकड्यावर बरोबर गणित केलं." ती म्हणाली, "मीही तेच केलं, सर." आता ते रविवारी शाळा उघडून, सगळ्या वर्गाला एका ओळीत बसवून अर्ज भरून घेतायत.

त्या मुलीला हिने स्वतः फोन केला. सांगितलं, "तुम्ही विचारलं होतं ना, त्या सहांत तुम्ही होता का. होता. तुम्हाला तिथे मी बसवलं होतं. आता काढलं." दाखल्याचा फोटो कसा चढवायचा ते मी तिला फोनवर सांगितलं, तेही चष्मा सावरत. तिसऱ्या खेपेला चढला.

तुझं पत्रही कालच आलं. तू लिहितोस, "म्हणजे आता ती कायम होत नाही. चला, तो प्रश्न मिटला, आता तरी इकडे येईल." वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात तुला आनंद झालेला दिसतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं करायची आईला मुभा असते, ती मी आजवर भरपूर वापरली. या वाक्यापुरती वापरवत नाही. मला वाईट वाटलं.

आई


२३ जुलै

बाब्या,

महिनाभर लिहिलं नाही. हंगाम संपला, माझी रोजंदारीही संपली. शेवटच्या दिवशी हिने मुद्दाम कक्षात येऊन सगळ्यांसमोर मला "ऑपरेटरबाई, तुमच्याशिवाय झालं नसतं" म्हटलं, आणि जिन्यात आल्यावर "आई, दम लागला का" म्हणून पिशवी घेतली.

याद्या लागल्या. बाहेरगावच्या शाळांमधून शेवटच्या तीन दिवसांत जेवढे अर्ज आले तेवढे आधी महिनाभरात आले नव्हते. दगडवाल्या मुलीला जागा मिळाली. ती बापाबरोबर प्रवेशाला आली होती. बापाच्या नखांत काळं तेल, आणि सगळ्या कागदांना बोट लागू नये म्हणून त्याने ते दोन तळहातांमध्ये धरले होते. मुलगी इकडेतिकडे बघत मला म्हणाली, "त्या फोनवरच्या मॅडम कुठे बसतात?" टेबल रिकामं होतं. मी म्हटलं, "त्यांची बदली झाली." तिचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे?" मी म्हटलं, "नाही गं. तू फक्त विचारलंस."

बदलीचा हुकूम पंधरवड्यापूर्वी आला. कायम केलं नाही, काढलंही नाही. विद्यापीठाचं एक उपकेंद्र आहे, बसने दिवसभराच्या वाटेवर. तिथे आणखी वर्षभर प्रोबेशनवर. कुलगुरूने हुकूम स्वतः हातात दिला म्हणे, आणि म्हणाला, "तिथले आकडे कोणी कधी नीट मोजलेच नाहीत." शिक्षा की शाबासकी, ते त्यालाही ठरवता आलेलं नसावं. ती मात्र त्या दिवसापासून तिथल्या शाळांची नावं पाठ करतेय.

मागच्या रविवारी तिने माझी बॅग भरायला घेतली. तुझ्याकडे यायची. औषधं वेगळी, उबदार कपडे वर, विमानात लागणारं हाताशी. स्वतःचं सामान अजून तसंच पडलेलं. मी विचारलं, "माझी घाई का?"

"तिकीट आहे ना तुमचं. तिकडे लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे. उपकेंद्राला दोन खोल्या मिळाल्यात, पाणी खालून भरायचं. तुम्ही त्याच्याकडेच जा, आई. मला बरं वाटेल."

"मला विचारलंस?"

ती घडी घालता घालता थांबली. बदलीच्या दिवशी नाही, बैठकीच्या दिवशी नाही, पण तेव्हा तिचे डोळे भरले. म्हणाली, "विचारायला भीती वाटली. नाही म्हणाला असतात तर."

मी म्हटलं, "दहातल्या चौघांना घेतात असं तुला कोणी सांगितलं?"

ती रडता रडता हसली. बॅग आम्ही दोघींनी मिळून रिकामी केली.

तुझं कालचं पत्र समोर आहे. त्यात तू एकच ओळ लिहिली आहेस, "आई, तू नक्की कोणाची आई आहेस?" बरोबर विचारलंस, आणि उत्तर द्यायला हवं. तू लहान असताना तापाने फणफणला होतास तेव्हा मी रजा मिळत नाही म्हणून तुला एक्स्चेंजच्या बाकावर निजवून फोन जोडत होते. एका हाताने तार, दुसरा तुझ्या कपाळावर. ते माझ्या हातातून अजून गेलेलं नाही, जाणारही नाही. तू चुकलास तरी, आणि माझ्या मते तू चुकतोयस. तिला सांगायचं असेल ते तू स्वतः सांग. यापुढे मी मध्ये बसून जोडून देणार नाही.

तिकीट रद्द करून घे. काही पैसे परत मिळतील.

मी नक्की कोणाची आई म्हणून विचारलंस. तुझीच, बाब्या. त्यात कोणाचा वाटा नाही. पण सामान मी तिच्या टेम्पोत चढवलंय.

आई